ध्रुवीय थंडीत टाइम-लॅप्स: कॅमेरा गरम ठेवायचा की कोरडा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात लग्न-समारंभांचं चित्रीकरण करणाऱ्या एका तरुणाला संशोधन चमूबरोबर ध्रुवीय तळावर जायची संधी आली आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं ‘हिमाद्री’ की अंटार्क्टिकावरचं ‘मैत्री’, भारताच्या या दोन संशोधन तळांपैकी कोणता, हे अजून ठरायचं आहे. हाताशी एक मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स, चार बॅटऱ्या आणि अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड आहे. अरोराचा, म्हणजे ध्रुवीय आकाशातल्या रंगीत प्रकाशाचा, टाइम-लॅप्स (ठराविक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ) करायचा आहे, शिवाय हिमनदीसमोर एक कॅमेरा काही आठवडे एकटा सोडायचा आहे. मुख्य शंका ही, की कॅमेऱ्यासाठी हीटर लावलेली गरम पेटी करावी का.

तळाची वीज थेट मिळत नसेल तर गरम पेटी करू नका. आधी हिशोब बघा. आतून २५ × २० × १५ सेंटिमीटरची पेटी, भोवती ५ सेंटिमीटर जाडीचा एक्सपीएस फोम (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट). अशा पेटीतून आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे साधारण ०.२४ वॉट उष्णता निसटते. बाहेर उणे ३५ असताना आत उणे १० ठेवायचे म्हटले तरी ६ वॉट लागतात. समोरची काच आणि केबलची भोकं धरली तर ८. म्हणजे दिवसाला १९० वॉट-तासांच्या वर. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी कागदावर १,२०० वॉट-तास देते, पण त्या थंडीत निम्म्यावर विश्वास ठेवावा. तीन दिवसांत ती संपली. आणि एवढं करून मिळालं काय? जो कॅमेरा उणे २० मध्येही बहुतेक वेळा चालतो, त्याला थोडी ऊब.

कॅमेऱ्यांवर कंपन्या बहुधा ० ते ४० अंश लिहितात. ती हमीची मर्यादा असते, कॅमेरा बंद पडण्याची नव्हे. सेन्सरला तर थंडी मानवते: तापमान सहा-आठ अंशांनी उतरलं की उष्णतेमुळे त्यात आपोआप तयार होणारा प्रवाह (डार्क करंट) जवळपास निम्मा होतो आणि फोटोतला दाणेदार गोंगाट घटतो. ध्रुवावर कॅमेरे बंद पडतात ते मुख्यतः दोन कारणांनी: बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो, आणि ओलावा नको तिथे जाऊन गोठतो. म्हणून कॅमेरा थंडच राहू द्या, पण कोरडा ठेवा. ऊब द्यायची ती फक्त बॅटरीला आणि लेन्सच्या पुढच्या काचेला. पुढचं सगळं यावरच बेतलेलं आहे.

आधी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी थंडीत रिकामी होत नाही. तिच्या आतला रोध वाढतो, कॅमेऱ्याने करंट ओढला की व्होल्टेज खाली बसतो आणि कॅमेऱ्याला वाटतं, संपली. तीच बॅटरी खिशात अर्धा तास ठेवली की पुन्हा ६० टक्के दाखवते. त्यामुळे ‘संपलेली’ बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, आधी ऊब द्या. शून्याखाली चार्ज तर करूच नका. त्या तापमानाला लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतो, क्षमता कायमची जाते आणि आतून शॉर्ट होण्याचा धोका राहतो. बाहेरून आलेली बॅटरी खोलीत तीन-चार तास राहू द्या, मग चार्जिंग. लिथियम आयर्न फॉस्फेटलाही हाच नियम.

तुमच्या चार बॅटऱ्या अपुऱ्या आहेत, पण आणखी सहा घेण्यापेक्षा डमी बॅटरी घ्या. बॅटरीच्या आकाराचा हा ठोकळा कॅमेऱ्यात बसतो आणि त्यातून निघालेली केबल बाहेरच्या ऊर्जास्रोताला जोडता येते. अशाने खरी बॅटरी वेगळ्या, छोट्या, उबदार पेटीत राहते. सलग टाइम-लॅप्समध्ये कॅमेरा सरासरी ३ वॉट घेतो असं धरा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. कन्व्हर्टरमधला तोटा वजा जाता रात्रभराचं काम निघतं. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात विनापरवानगी चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती लागते आणि अशा दोनच नेता येतात. चेक-इनच्या बॅगेत सुटी बॅटरी टाकू नका. पॉवर बँकेची एक खोड लक्षात ठेवा: करंट फार कमी झाला की ती स्वतःहून बंद होते. दोन फोटोंमध्ये कॅमेरा झोपला, की पॉवर बँकही झोपते आणि सकाळी कार्डावर तीनच फोटो मिळतात. कमी करंटवर चालू राहणारी, चार्जिंग-पद्धत बदलता येणारी पॉवर बँक शोधा, नाहीतर कॅमेऱ्याची झोप बंद ठेवा.

बॅटरीच्या पेटीत हीटर नको, पाण्याची बाटली ठेवा. हा भाग नीट वाचा, कारण फुकटात मिळणारी ऊब इथेच आहे. आतून २० × १५ × १० सेंटिमीटरची पेटी, भोवती तोच ५ सेंटिमीटर फोम. तिचा तोटा दर अंशामागे साधारण ०.१५ वॉट. आत पॉवर बँक आणि शेजारी एक लिटर पाणी. ६० अंशांवरून १० अंशांवर येताना ते पाणी ५८ वॉट-तास उष्णता सोडतं. खरी कमाई त्यानंतर: शून्यावर आल्यावर ते गोठू लागतं आणि पूर्ण गोठेपर्यंत आणखी ९३ वॉट-तास सोडतं. तेवढा वेळ पेटीतलं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. बाहेर उणे ३० असेल तर तोटा साडेचार वॉटचा, म्हणजे नुसत्या गोठण्यावर वीस तास निघतात. एका बाटलीऐवजी प्रत्येकी अर्धा लिटर पाणी घातलेल्या दोन चपट्या बाटल्या बसवायला सोप्या. बाटली पाऊणच भरा. गोठताना पाणी फुगतं आणि गच्च भरलेली बाटली फुटते. झाकण घट्ट लावून वर झिपची पिशवी चढवा, वाफ पेटीत फिरू देऊ नका. पाणी पॉवर बँकेला थेट लावू नका, मध्ये पातळ फोमचा तुकडा ठेवा. ६० अंश लिथियम बॅटरीला जास्त होतात.

हात उबदार ठेवणाऱ्या लोखंडी भुकटीच्या पुड्या लोक बंद पेटीत टाकतात आणि त्या थंड का पडल्या म्हणून चकित होतात. त्या ऑक्सिजनवर चालतात आणि ओलावाही सोडतात. खिशात त्या छान, सीलबंद पेटीत निरुपयोगी.

आता ओलावा. थंड कॅमेरा तळाच्या उबदार, ओलसर खोलीत आणला की क्षणात त्याला वाफ धरते, बाहेरून आणि आतूनही. मग तोच कॅमेरा पुन्हा बाहेर नेला की आतलं पाणी गोठतं: शटरच्या पात्यांवर, लेन्सच्या आतल्या काचांवर, बटणांच्या खाली. म्हणून सगळ्यांत सोपा नियम हा, की चित्रीकरण सुरू असेतोवर कॅमेरा बाहेरच राहू द्या. तळाच्या बिनतापत्या ओसरीत किंवा कंटेनरमध्ये ठेवला तरी चालेल. आत न्यायचं ते कार्ड आणि बॅटरी. कॅमेरा आत न्यावाच लागला तर बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, मग कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा, सिलिका जेलची पुडी टाका, पिशवी बंद करून बॅगेत ठेवा. ओसरीत तासभर, नंतर खोलीत चार तास. हाताला पिशवी खोलीइतकी उबदार लागल्याशिवाय उघडू नका. फोटो बघायची घाई असते, म्हणूनच कार्ड आधी काढायचं.

कॅमेऱ्याची बिनहीटरची हवाबंद पेटी सोलापुरात बंद करून नेण्यातही हीच अडचण आहे. जुलैत आपल्याकडे ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २१ ग्रॅम पाणी असतं. उणे ३० च्या हवेत ते अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मावतं. १० लिटरची पेटी जुलैत इथे सीलबंद केली तर तिच्यात सुमारे ०.२ ग्रॅम पाणी कोंडलं गेलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण थंडीत ते सगळं सर्वांत थंड जागी, म्हणजे समोरच्या काचेवर, आतून जाऊन बसतं. तिथे हात पोचत नाही. उपाय साधा: तिथे पोचल्यावर, वारा नसलेल्या दिवशी पेटी आणि कॅमेरा उघड्या थंड हवेत तीन-चार तास ठेवा आणि त्याच कोरड्या हवेत बंद करा. सिलिका जेल १०० ग्रॅम तरी हवं, आणि निघण्याआधी ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून हवाबंद बाटलीत भरलेलं हवं. पाकिटातून आलेलं जेल बहुधा आधीच ओलाव्याने भरलेलं असतं.

लेन्सच्या पुढच्या काचेची गोष्ट वेगळी. निरभ्र रात्री काच आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि हवेपेक्षाही थंड होते. मग तिच्यावर बर्फाचा पातळ थर धरतो. अरोराच्या टाइम-लॅप्सची सर्वांत जास्त नासाडी यामुळेच होते आणि ती कळतेही उशिरा, कारण थर हळूहळू चढतो: आधी तारे मऊ होतात, मग त्यांच्याभोवती वलयं येतात, शेवटी सगळं धुरकट. खगोलनिरीक्षणवाले वापरतात तो यूएसबीवर चालणारा लेन्स-हीटर पट्टा लावा, ५ ते ७ वॉटचा, पुढच्या काचेच्या कडेला, फोकस रिंगपासून दूर. काच हवेपेक्षा तीन-चार अंश गरम राहिली की पुरे. जास्त गरम केलं तर समोरची हवा थरथरते आणि फोकस सरकतो. काचेवर तोंडाने फुंकर मारू नका, श्वास जागच्या जागी गोठतो. रबरी ब्लोअर वापरा आणि तो कोटाच्या खिशात नव्हे, बाहेर थंडच ठेवा, नाहीतर खिशातली दमट हवाच काचेवर जाईल.

फोकस घरून लावून नेऊ नका. धातू आकसतो आणि अनंताची खूण जागा सोडते. कॅमेरा बाहेर तासभर थंड होऊ द्या, एखादा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून फोकस लावा, मग रिंगला टेप लावा. टेपही थंडीत चिकटत नाही. कापडी गॅफर टेपचे तुकडे आतल्या खिशात ऊब देऊन ठेवा. मध्यरात्री पुन्हा एकदा तपासा.

अरोरासाठी सुरुवात इथून करा: एफ/१.४ ते २.८, आयएसओ १६०० ते ३२००. अरोराचा पडदा वेगाने हलत असेल तर एक्स्पोजर २ ते ४ सेकंद, मंद असेल तर ८ ते १२. वेगवान अरोरावर १५ सेकंद उघडं ठेवलं तर सगळ्या सुरकुत्या पुसून नुसता हिरवा डाग उरतो. व्हाइट बॅलन्स ४,००० केल्विनवर बांधून टाका, रॉ मध्ये घ्या, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. तो चालू राहिला तर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ वाया जातो आणि हालचालीत खंड पडतो. ६ सेकंदांचं एक्स्पोजर आणि ८ सेकंदांचा अंतराल धरला तर तासात ४५० फोटो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने १८ सेकंदांचा व्हिडिओ. फोटो ३० एमबीचा असेल तर तासाला साडेतेरा जीबी. शक्य तिथे इलेक्ट्रॉनिक शटर वापरा. यांत्रिक शटरचं वंगण घट्ट होतं आणि त्याचं आयुष्यही लाख-दीड लाख क्लिकच्या घरात संपतं.

दोन ठिकाणांमधला फरक आताच समजून घ्या. हिमाद्री नी-ओलेसुंडमध्ये आहे, सुमारे ७९ अंश उत्तरेला, २००८ पासून. भारताची तिथली पहिली हिवाळी मोहीम डिसेंबर २०२३ मध्ये गेली. तिथे ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही, त्यामुळे अरोरा भरदुपारीही टिपता येतो. पण त्या गावात रेडिओ-शांतता पाळतात. मोजमापाच्या अँटेनांना व्यत्यय नको म्हणून आसपासच्या २० किलोमीटरमध्ये वायफाय आणि ब्लूटूथला बंदी आहे. मोबाइल अॅपवरून कॅमेरा चालवायचा बेत असेल तर तो सोडा. केबलचा रिमोट किंवा कॅमेऱ्यातला इंटरव्हल टायमर हेच पर्याय, आणि कॅमेऱ्याचा एअरप्लेन मोड निघण्याआधी शोधून ठेवा. वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांपासून संरक्षणाच्या साधनाशिवाय जाता येत नाही. कॅमेऱ्याजवळ एकट्याने रात्रभर बसणं म्हणूनच होत नाही. जागा वस्तीतली निवडा किंवा कॅमेरा एकटा चालेल असा मांडा.

मैत्री शिर्माकर टेकड्यांमध्ये आहे, सुमारे ७१ अंश दक्षिणेला, १९८९ पासून. तिथली सूर्याविना रात्र मेच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे दोन महिन्यांची. पारा तिथे उणे ३० च्या खाली जातो, पण खरा शत्रू वारा आहे. हिमवादळात उडणारा बर्फ पिठासारखा बारीक असतो. केबलच्या भोकातून, झाकणाच्या फटीतून आत शिरतो आणि पेटी आतून भरून टाकतो. प्रत्येक भोकाला केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट आवळणारं बूच) लावा आणि वर सिलिकॉन सीलंट. वादळाचाच टाइम-लॅप्स हवा असेल तर तळाच्या खिडकीतून घ्या: लेन्सला रबरी हूड, हूड काचेला टेकवलेला, मागे काळं कापड, खोलीत अंधार.

दिवसाचं चित्रीकरण करताना एक सवय बदलावी लागेल. अंटार्क्टिकावर सूर्य क्षितिजावरून उजवीकडून डावीकडे सरकतो आणि दुपारी उत्तरेला असतो. उन्हाळ्यात तो मावळतच नाही, चारी दिशांना फिरतो. त्यामुळे कुठल्याही फ्रेममध्ये तो कधी ना कधी येणार, हे धरून जागा निवडा. बर्फ बघून कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि फोटो करडे येतात. एक्स्पोजर १ ते १.७ स्टॉप जास्त द्या आणि हिस्टोग्रामवर बर्फाचा तपशील जळत नाही ना ते बघा.

आता हिमनदीसमोरचा एकटा कॅमेरा. अंतराल अर्ध्या तासाचा ठेवा: दिवसाला ४८ फोटो, साठ दिवसांत २,८८०, म्हणजे जवळपास दोन मिनिटांचा व्हिडिओ. ध्रुवीय रात्रीत हे करण्यात अर्थ नाही, प्रकाश परतल्यावर करा. इथे कॅमेऱ्याची वीज मधल्या वेळेत पूर्ण तोडणारा रिले-टायमर लागतो. ठरल्या वेळी वीज देणं, दहा सेकंद थांबणं, शटर, कार्डावर लिहून होईपर्यंत वीस सेकंद, मग वीज बंद. छायाचित्रकार जेम्स बेलॉग यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ने ग्रीनलँड, आइसलँड आणि अलास्कातल्या हिमनद्यांसमोर असेच कॅमेरे लावले, आणि सुरुवातीला त्यांना सर्वांत जास्त त्रास दिला तो टायमरनेच. म्हणून टायमर साधा निवडा, दोन घ्या, आणि इथे घरी दोन आठवडे सलग चालवून बघा. काही कॅमेरे वीज गेली की तारीख आणि सेटिंग विसरतात, तेही याच चाचणीत उघडं पडतं.

दीर्घ मुक्कामासाठी एजीएम (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेली, सीलबंद) लेड-अॅसिड बॅटरी अजूनही चांगली, पण ती भरलेली हवी. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, रिकामी झालेली उणे दहाच्या आसपास गोठून फुटते. फोमच्या पेटीत घालून अर्धा मीटर बर्फाखाली पुरा. बर्फ चांगलं पांघरूण आहे. सोलर पॅनेल उभं लावा, सूर्य खालीच असतो आणि उभ्या पॅनेलवर बर्फही साचत नाही. आपल्याकडे उन्हात पॅनेलचा व्होल्टेज पडतो हे सोलरवाले जाणतात. तिथे उलटं होतं. उणे ३५ ला २२ व्होल्टचं पॅनेल उघड्या टोकांवर २६ च्या आसपास जातं. दोन पॅनेल सीरीजमध्ये जोडली तर ५२, आणि ५० व्होल्टची मर्यादा असलेला चार्ज कंट्रोलर पहिल्याच स्वच्छ सकाळी जळतो. पॅरललमध्ये जोडा.

ट्रायपॉड उन्हात बर्फात रुततो, कारण काळे पाय तापतात. पायांखाली १५ सेंटिमीटरच्या लाकडी चकत्या ठेवा, किंवा पाय बर्फात पुरून वर पाणी ओता, ते गोठून पक्कं होतं. हेडमधलं जुनं ग्रीस पेट्रोलने धुऊन काढा आणि कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण लावा. पायांना फोमची नळी चढवा, उघड्या हाताची त्वचा धातूला चिकटते. केबल सिलिकॉनच्या हव्यात. साधी पीव्हीसी केबल वाकवताच काडीसारखी तुटते.

सोलापुरात काय तपासता येईल? बरंच. ओळखीच्या आइस्क्रीम पार्लरचा डीप फ्रीझर उणे १८ ते २० देतो. रात्री कॅमेरा, डमी बॅटरी आणि फोमच्या पेटीतली पॉवर बँक आत ठेवा, १० सेकंदांच्या अंतरालाने सहा तास चालवा. मग फोटो मोजा, २,१६० हवेत. सकाळी वरच्या पिशवीच्या पद्धतीने बाहेर काढा. पावसाळ्यातली दमट हवा ही त्या पद्धतीची सर्वांत कडक परीक्षा आहे. फ्रीझरमध्ये जे दगावलं ते तिथे नक्की दगावणार; जे टिकलं त्याची खात्री मात्र अर्धीच, कारण तिथे आणखी पंधरा अंश आणि वारा आहे. बर्फाची लादी फोडून खडे मीठ घालूनही उणे १५-२० गाठता येतं, पण कॅमेऱ्यासाठी ते नको, खाऱ्या पाण्याचा एक थेंब सर्किट खातो. अंधारातल्या सेटिंगचा सराव सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर करा, जाड हातमोजे घालून, कॅमेऱ्याकडे न बघता.

कॅमेऱ्याचं आवरण आपल्या गावात उत्तम शिवून मिळेल, गणवेश शिवणारे कारखाने आहेतच. मात्र कापड सुती देऊ नका. सोलापुरी टॉवेल कितीही हाताशी असला तरी सूत ओलावा धरून ठेवतं आणि गोठून पत्रा होतं. पॉलिस्टर फ्लीसचे दोन थर, बाहेरून वारा अडवणारं नायलॉन, आणि चेनऐवजी रुंद वेल्क्रो, कारण चेनची टिकली हातमोज्यात सापडत नाही.

मैत्रीला जाणार असाल तर कॅमेरा कुठे, किती दिवस आणि कशावर बांधणार हे मोहिमेच्या प्रमुखांना आधी लेखी द्या. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलप्रमाणे (अंटार्क्टिकाच्या पर्यावरण-रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) आणि २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याप्रमाणे तिथे परवानगीविना काही मांडता येत नाही आणि काही सोडून येता येत नाही. बॅटरी, फोमचा चुरा, टेपचे तुकडे, सगळं परत आणावं लागतं. थर्माकोल वाऱ्यात सुटून उडतो, म्हणून पेटीसाठी तो टाळा आणि एक्सपीएसच्या कापलेल्या कडा टेपने बंद करून घ्या.